सुईच्या अग्रावर मावेल एवढे संगीत

आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक गायक-गायिकांविषयी, कंपन्यांविषयी आणि संग्राहकांविषयी. ग. ना. जोशी यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये मुद्रणाच्या खोलीतल्या आठवणी लिहून ठेवल्या. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक, लेबले, राग, तारखा जुळवण्याचे चिकाटीचे काम केले. या सगळ्यात एक पात्र मात्र पडद्याआडच राहिले, आणि ते म्हणजे सुई. सुई घासली की फेकून द्यायची, तुटली की दुसरी आणायची. तिचा क्रमांक कोण टिपून ठेवणार?

पण तबकडीला स्पर्श करणारी वस्तू एकच, ती सुई. बाल गंधर्वांचे पद असो वा अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी असो, ऐकणाऱ्यापर्यंत जे पोचले ते सुईच्या टोकातूनच. आणि तबकडीवर आज जे उरले आहे, तेही त्या सुईने जेवढे ठेवले तेवढेच. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायला नकार दिला होता. आपले शंभर वर्षांचे संगीत तेवढ्याच जागेत उभे आहे.

गेल्या काही वर्षांत तबकड्या ऐकण्याची हौस पुन्हा वाढली आहे. आजोबांची पेटी उघडली जाते, चोरबाजारातून एलपी येतात, नवा टर्नटेबल घेतला जातो. लगेच प्रश्न येतो, की परवडणारे पण बरे असे कार्ट्रिज कोणते घ्यावे? कार्ट्रिज म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेली ती लहानशी डबी, जी सुईची थरथर विजेत बदलते. प्रश्न बाजारातला वाटतो, पण तो सव्वाशे वर्षे जुना आहे आणि प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले आहे. त्या उत्तरांचा इतिहास तपासला तर आजची निवड सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

लाख आणि पोलाद

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला तेव्हा आवाज कथलाच्या पातळ पत्र्यावर, गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर उमटवला. त्यात सुई वर-खाली होत असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडी आणली आणि सुईला आडवी, डावी-उजवी हालचाल दिली. सपाट तबकडीचा मोठा फायदा असा, की साच्यातून छापून तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. त्यासाठी जे मिश्रण वापरात आले त्याचा बांधा आपल्या देशातल्या लाखेचा होता. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख परदेशी जाई आणि तबकडी होऊन परत येई. फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान आदींचे आवाज मुद्रित केले, तेव्हा त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. कोलकात्यात छपाईचा कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये.

लाखेची म्हणून ओळखली जाणारी ही तबकडी प्रत्यक्षात बरीचशी दगडाची होती. लाख बांधून धरायला, आणि पोटात पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची भुकटी. ही भुकटी केवळ स्वस्ताईसाठी घातलेली नव्हती. कारखान्यातून आलेली प्रत्येक पोलादी सुई थोडी वेगळी असे. तबकडीतली कडक भुकटी पहिल्या काही वेढ्यांतच सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. थोडक्यात, तबकडी हीच सुईची सहाण होती. सुई तबकडीपेक्षा मऊ असावी आणि झीज सुईने सोसावी, असा तो करार होता.

या करारात एक कलम महत्त्वाचे होते. सुई एकाच बाजूसाठी वापरायची. डबीवर आणि तबकडीच्या कागदी पाकिटावर ही सूचना छापलेली असे. त्यामागचे गणित साधे आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती सुमारे सव्वाशे मीटर भरते. एवढे अंतर दगडाच्या भुकटीवरून घासत गेलेल्या सुईचे टोक बोथट होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी धारदार कडा येतात. ती सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की त्या कडा पटाशीसारखे काम करतात. वरून साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमच्या पुढे.

सुयांची डबी पत्र्याची, रंगीत चित्राची, बहुधा दोनशे सुयांची. इंग्लंडात रेडिच आणि जर्मनीत न्यूरेंबर्गचा परिसर हे शिवणाच्या सुयांचे जुने कारखानदार भाग. ग्रामोफोनच्या सुयाही तिथूनच जगभर गेल्या. जाड सुई मोठ्या आवाजाची, बारीक सुई मऊ आवाजाची. आवाज कमी-जास्त करायचे बटण नव्हते, त्यामुळे सुई बदलणे हीच ती सोय. दोनशे सुया म्हणजे दोनशे बाजू, म्हणजे जेमतेम दहा तासांचे संगीत. पैसे देऊन आणलेली वस्तू तीन मिनिटांत फेकायची हे आपल्या घरांत सहज पचणारे नव्हते. एका सुईवर पाच-सहा बाजू वाजवणे ही काटकसर होती, आणि तिची किंमत तबकडीने मोजली.

ही किंमत आजही डोळ्यांना दिसते. लाखेच्या जुन्या तबकड्या मी तिरप्या उजेडात आणि भिंगाखाली धरून पाहतो. न झिजलेली खाच काळी, तुकतुकीत असते. झिजलेली खाच करडी दिसते, आणि हा करडा रंग सगळीकडे सारखा नसतो. जिथे आवाज मोठा, जिथे तान खुली, तिथे पट्टा उजळ करडा. आवाज जेवढा मोठा तेवढे खाचेचे वळण तीव्र, आणि जड सुई नेमकी तिथेच भिंत ओरबाडते. कोणते पद घरात लाडके होते हे तबकडी न वाजवताही सांगता येते. प्रेमाने ऐकलेल्या तबकड्यांची स्थिती सर्वांत वाईट असते.

त्या काळीही जाणकारांनी पर्याय शोधले होते. बांबूच्या कामट्यांची सुई आणि निवडुंगाच्या काट्याची सुई युरोपातल्या चोखंदळ श्रोत्यांत प्रिय होती. काटा घासून पुन्हा टोकदार करता येई. तबकडीवर त्याचा जाच कमी, आवाज मात्र बारीक. स्वस्त, दीर्घायुषी आणि तबकडीला जपणारी अशी तिन्ही गुणांची सुई तेव्हाही मिळत नव्हती. तिघांतले दोन निवडावे लागत, आणि तिसऱ्याचा हिशेब नंतर चुकता करावा लागे.

स्फटिकाचे दिवस

१९२५ पासून मुद्रण विजेवर होऊ लागले आणि पाठोपाठ वाजवणेही. सुईची थरथर कर्ण्यात सोडण्याऐवजी विजेत बदलायची झाली. सुरुवातीचे पिकअप नालेच्या आकाराच्या चुंबकाचे, वजनदार. खरा स्वस्त उपाय निघाला तो स्फटिकाचा. पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले होते, की काही स्फटिक दाबले किंवा पिळले की वीज निर्माण करतात. त्यांपैकी रोशेल सॉल्ट नावाचा क्षार १९३० च्या दशकात पिकअपमध्ये आला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या ब्रश कंपनीने असे स्फटिक व्यापारी प्रमाणावर वाढवले.

स्फटिकाचे कार्ट्रिज लोकप्रिय व्हायला ठोस कारण होते. त्यातून जवळजवळ एक व्होल्टपर्यंत वीज मिळते. चुंबकाच्या आजच्या कार्ट्रिजमधून मिळते चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे दोनशेव्या हिश्शाएवढी. त्यामुळे स्फटिकाला साधा, दोन नळ्यांचा ॲम्प्लिफायर पुरतो. दुसरी सोय त्याहून सूक्ष्म आहे. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम वाढवून घेतले जातात. एरवी खर्जाची वळणे इतकी रुंद होतील की खाचा एकमेकींत शिरतील. वाजवताना हे उलटे करून मूळ तोल आणावा लागतो. १९५४ पासून त्याचे आरआयएए हे प्रमाण ठरले. चुंबकाच्या कार्ट्रिजला त्यासाठी वेगळे विद्युतमंडल लागते. स्फटिक सुईच्या वेगाला प्रतिसाद देत नाही, तिच्या विस्थापनाला देतो, त्यामुळे हा तोल त्यात बराचसा आपोआप सांभाळला जातो. वेगळा खर्च नाही.

एक वैगुण्य मात्र आपल्या हवेशी थेट संबंधित होते. रोशेल सॉल्टला दमट हवा सोसत नाही आणि उष्णताही सोसत नाही. पंचावन्न अंश सेल्सिअसच्या आसपास तो कायमचा निकामी होतो. कोकणचा पावसाळा आणि विदर्भाचा उन्हाळा या दोन्हींत त्याची परीक्षाच. महायुद्धानंतर बेरियम टायटनेटसारख्या पदार्थांची सिरॅमिक कार्ट्रिज आली आणि हवामानाचा प्रश्न बराच सुटला. आवाजाचा बांधा तोच, फक्त टिकाऊ.

याच सुमारास तबकडीही बदलली. २१ जून १९४८ रोजी कोलंबियाने न्यूयॉर्कमध्ये विनाईलची एलपी जाहीर केली. फिरण्याचा वेग मिनिटाला ७८ वेढ्यांवरून ३३⅓ वर आला, खाच तिपटीने बारीक झाली. लाखेच्या तबकडीला सुमारे तीन-सहस्रांश इंच त्रिज्येचे टोक लागे, एलपीला एक-सहस्रांश. विनाईल मऊ असल्याने जुना करार आता उलटा झाला. सुई कठीण हवी, कायमची हवी आणि हलकी हवी. सहा-सात ग्रॅम भाराने वाजणारे पिकअप त्या वेळी क्रांतिकारक मानले गेले. टोक कृत्रिम नीलमाचे, आणि ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी हिऱ्याचे. नीलम काही दहा तासांतच झिजू लागतो. हिऱ्याची कणी साधारण पाचशे ते हजार तास टिकते.

आपल्या घरांत एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो किंवा मोठे रेडिओग्राम आले तेव्हा त्यांत याच जातीची कार्ट्रिज होती. त्यांतल्या काहींना गमतीदार सोय असे. एक छोटी खिट्टी फिरवली की एका बाजूला लाखेच्या तबकडीची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. संक्रमणकाळातल्या घराचे याहून चांगले चित्र नाही. तिची एक मेख अशी, की खिट्टी फिरवायचे राहून गेले तर रुंद सुई बारीक खाचेवर किंवा बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी रखडत जाई.

पुढे स्टिरिओ आले. ॲलन ब्लुमलाइनने १९३१ सालीच ईएमआयसाठी त्याचे पेटंट मांडले होते, ज्यात खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरले जातात. बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. दोन भिंती वेगळ्या वाचायच्या तर सुईला आडवे आणि उभे, दोन्हीकडे मोकळेपणाने हलता आले पाहिजे. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई उभ्या दिशेने ताठ असते. ती स्टिरिओ खाचेत घातली की भिंतीवरचा बारीक तपशील घासून जातो. म्हणून एलपीच्या वेष्टनावर योग्य कार्ट्रिज वापरण्याची सूचना छापलेली असे. ती किती जणांनी वाचली असेल, याचा अंदाज तबकड्या वाजवून येतो.

चुंबक स्वस्त कसा झाला

चांगले ऐकायचे तर चुंबकाचे कार्ट्रिज, हे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच ठरले होते. कोपनहेगनच्या ऑर्टोफोनने १९४८ मध्ये हलत्या तारेच्या गुंडाळीचे, म्हणजे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज केले. जपानच्या डेनॉनने एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी डीएल-१०३ तयार केले. ते आजही बनते. या जातीत अत्यंत बारीक तारेची गुंडाळी सुईबरोबर हलते. ती हाताने गुंडाळावी लागते, वीज अवघी तीन दशांश मिलिव्होल्टच्या आसपास, आणि सुई झिजली की घरच्या घरी बदलता येत नाही; सगळे कार्ट्रिजच बदलावे लागते.

स्वस्ताईचा मार्ग उघडला तो उलट मांडणीने. गुंडाळी स्थिर ठेवायची आणि सुईच्या काडीच्या शेपटाला चिमुकला चुंबक जोडून तो हलवायचा. जर्मनीत कीलच्या एलाकने आणि अमेरिकेत शिकागोजवळच्या शुअरने ही मूव्हिंग मॅग्नेट पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओसाठी बाजारात आणली. शुअरचे एम३डी १९५८ चे. याचा सामान्य श्रोत्याला झालेला खरा लाभ ध्वनीपेक्षाही वेगळा होता. गुंडाळी डबीत राहते आणि सुई चुंबकासकट बोटांनी ओढून काढता येते. झिजते तेवढेच बदलायचे. ग्रामोफोनच्या डबीतल्या सुईचे तत्त्वच पुन्हा आले, फक्त तीन मिनिटांऐवजी काही वर्षांसाठी.

पेटंटांच्या भांडवलावर कंपन्या उभ्या राहतात, तशाच पेटंटांना वळसा घालूनही. हिदेओ मात्सुशिता यांनी १९६२ साली तोक्योत ऑडिओ-टेक्निका सुरू केली ती परवडणारी कार्ट्रिज करण्यासाठी. एका चुंबकाऐवजी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवलेले दोन चुंबक ही त्यांची मांडणी, खाच कापणाऱ्या यंत्राच्या दोन गुंडाळ्यांचे जणू उलटे प्रतिबिंब. नागाओका या जपानी कंपनीचा जन्म १९४० चा, घड्याळातले खडे घडवण्याच्या धंद्यातला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ग्रॅडो १९५३ ची. नागाओका आणि ग्रॅडो यांनी चुंबक आणि गुंडाळी दोन्ही स्थिर ठेवून मध्ये लोखंडाचा हलका तुकडा हलवण्याची पद्धत धरली. आज परवडणाऱ्या किमतीत जी नावे पुढे येतात, ती या तीन मांडण्यांतलीच.

भार उतरण्याचा आलेख पाहण्यासारखा आहे. साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर, आरंभीची एलपी सहा-सात ग्रॅम, सिरॅमिकचे घरगुती यंत्र पाच-सहा ग्रॅम, आजचे साधे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅम. दोन ग्रॅम ऐकायला नगण्य वाटते. पण टोक आणि भिंत यांचा स्पर्श काही चौरस मायक्रॉनांपुरता असतो, त्यामुळे तिथला दाब चौरस सेंटिमीटरला टनांच्या भाषेत बोलावा लागतो. म्हणूनच एकेक ग्रॅम महत्त्वाचा.

मात्र भार जितका कमी तितका चांगला, हा समज खरा नाही. नेमलेल्यापेक्षा कमी भार दिला तर मोठ्या तानेला सुई भिंत सोडते, उडते आणि परत आदळते. हे आदळणे थोड्या जास्त भारापेक्षा अधिक घातक असते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मध्यापासून वरच्या बाजूला भार ठेवणे सुरक्षित.

द्रुताची जागा

इथे मला आपल्या संगीताशी निगडित एक मुद्दा मांडायचा आहे. परदेशी मार्गदर्शकांत तो मला आढळलेला नाही, पण ख्याल ऐकणाऱ्याला तो टाळता येणार नाही.

एलपी सगळीकडे मिनिटाला ३३⅓ वेढेच घेते, पण बाहेरचा वेढा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. आता दहा हजार हर्ट्झचा एक स्वरांश घ्या, म्हणजे तबल्याच्या चाटीतला किंवा तानपुऱ्याच्या जवारीतला चमकणारा अंश. बाहेर त्याच्या एका लाटेला ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत २१ मायक्रॉन. साध्या गोल टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एवढा गोळा एवढ्या अरुंद वळणात बसत नाही. तो वळण ओलांडून जातो. ऐकताना ते खरखरीत, फाटल्यासारखे लागते.

पाश्चात्त्य गीतांच्या एलपीत शेवटचे गाणे शांत ठेवून ही अडचण टाळता येते. आपल्या ख्यालात ती टळत नाही. एका बाजूला एक राग म्हटला की बाहेरच्या रुंद, सुखाच्या जागेत विलंबितातले सावकाश आलाप येतात आणि आतल्या दाटीत द्रुत बंदिश, तानांची बरसात, तबल्याची घाई. वाद्यसंगीतात झाला नेमका तिथेच. किशोरी आमोणकरांची भूपाची एलपी असो वा भीमसेन जोशींची कोणतीही, रागाचा कळस येतो तो तबकडीच्या सर्वांत कठीण जागी. ‘जुनी एलपी शेवटी फाटते’ अशी तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तबकडी झिजलेली असतेच असे नाही. पुष्कळदा सुईचा आकार तिथवर पोचत नाही, एवढेच.

याच अडचणीपोटी लंबगोल टोक आले. समोरून ते रुंद, म्हणजे भिंतींवर टेकलेले. बाजूने अरुंद, आठ मायक्रॉनच्या आसपास. १९७० च्या दशकाच्या आरंभी जेव्हीसी कंपनीचे नोरिओ शिबाता यांनी चार दिशांच्या ध्वनीच्या तबकड्यांसाठी आणखी नाजूक घडणीचे टोक केले. त्या तबकड्या लवकरच मागे पडल्या, पण शिबाता टोक राहिले. मायक्रोलिनिअर हे त्याच दिशेचे पुढचे पाऊल. ही टोके भिंतीला उभ्या रेषेत अधिक उंचीवर स्पर्श करतात, त्यामुळे तपशील वाढतो आणि दाबही वाटला जातो.

निवड

या पार्श्वभूमीवर आजच्या बाजाराकडे पाहिले तर चित्र बरेच स्वच्छ होते.

सुटकेसच्या आकाराची स्वस्त यंत्रे येतात, त्यांत बहुधा लाल सुईचे सिरॅमिक कार्ट्रिज आणि पाचेक ग्रॅमचा भार असतो. म्हणजे यंत्र नवे, पण सुई फिएस्टाच्या पिढीची. कुतूहलापुरते ठीक, आजोबांच्या एलपीसाठी नव्हे. त्याच्या वरची पायरी ऑडिओ-टेक्निकाचे एटी-३६००एल. कित्येक तयार टर्नटेबलांवर हेच बसवून येते. गोल टोक, भार तीन ग्रॅमच्या आसपास, सुई अतिशय स्वस्त. तबकडीच्या तीन-चतुर्थांश भागात ते आपल्या किमतीला लाजवणारे वाजते. आतल्या वेढ्यांत त्याची मर्यादा कळते.

ख्यालाच्या आणि वाद्यसंगीताच्या श्रोत्याने पैसे वाचवायची जागा ही नव्हे, असे माझे मत झाले आहे. लंबगोल टोकापासून सुरुवात करावी. ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई, ऑर्टोफोनचे टूएम रेड आणि नागाओकाचे एमपी-११० ही तीन कार्ट्रिज या पायरीवर आहेत. तिन्हींचा भार दोन ग्रॅमच्या आत-बाहेर, तिन्हींची सुई बदलता येते. व्हीएम९५ मालिका २०१८ मध्ये आली, आणि तिचा विशेष असा की एकाच डबीत गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि लाखेच्या तबकडीचीही सुई बसते. आज लंबगोल घ्यावी, ती झिजेपर्यंत पैसे साठवावेत आणि पुढची सुई मायक्रोलिनिअर आणावी. टूएम रेडच्या डबीत टूएम ब्लूची सुई तशीच बसते. एमपी-११० चा आवाज काहीसा भरीव, मध्यसप्तकाला अनुकूल. कंठसंगीताला तो मला रुचतो.

परवडणे म्हणजे विकत घेतानाची किंमत नव्हे, हे सुयांच्या इतिहासाने वारंवार दाखवले आहे. रोज एक एलपी ऐकली तर वर्षाला सुमारे पावणेतीनशे तास होतात. आठशे तास टिकणारी हिऱ्याची सुई जवळजवळ तीन वर्षे चालेल. तेवढ्यात तिने हजारेक किलोमीटर खाच तुडवलेली असते, मुंबई ते नागपूरच्याही पुढे. पोलादी सुयांच्या काळात एका वर्षाच्या तेवढ्याच तासांना साडेपाच हजार सुया लागल्या असत्या, म्हणजे दोनशेच्या सत्तावीस डब्या. तेव्हा कार्ट्रिज घेताना त्याच्या सुट्या सुईची किंमत आधी विचारावी आणि ती सुई पुढे मिळत राहील का ते पाहावे. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवले, तेव्हा डीजे मंडळींचे लाडके एम४४-७ जगभर सुईवाचून अडले. पुढे पर्यायी सुया पुरवल्या त्या जपानच्या जिको या कंपनीने, जिची सुरुवात एकोणिसाव्या शतकात शिवणाच्या सुया करण्यापासून झाली होती.

आणखी दोन गोष्टी खरेदीआधी तपासाव्यात. पहिली, ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ जोडणी आहे का? नसेल तर छोटा फोनो-प्रीॲम्प्लिफायर लागेल, आणि तो खर्च कार्ट्रिजच्या खर्चातच धरावा. दुसरी, घरात लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांच्यासाठी तीन-सहस्रांश इंची सुई वेगळीच घ्यावी. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी, धुळीत चालते. आवाज कमी आणि खरखर जास्त येते. आणि ग्रामोफोनची जुनी पेटी व पोलादी सुई यांच्याखाली एलपी कधीही ठेवू नये.

झिजलेल्या भिंतीवरची शिल्लक

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. गाणी तर आता फोनवरही ऐकता येतात. सगळी येत नाहीत. लाखेच्या काळातल्या कित्येक मुद्रणांच्या बाबतीत घरोघरी राहिलेली तबकडी हाच मूळ पुरावा आहे. ती ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेतच ते गाणे पुढे जाणार.

झिजलेल्या तबकडीतूनही आवाज काढता येतो, आणि तिथे पुन्हा सुईच कामी येते. जुन्या सुयांनी भिंत खरडली ती एका ठरावीक उंचीवर. तिच्या थोडे वर किंवा थोडे खाली भिंत अजून कोरी असू शकते. म्हणून अभिलेखागारांतले तंत्रज्ञ वेगवेगळ्या त्रिज्येच्या आणि टोक किंचित कापलेल्या सुयांचा संच जवळ ठेवतात. एकच तबकडी चार सुयांनी वाजवून पाहतात आणि जिथे जुन्या सुईचा पाय पडला नव्हता, ती पट्टी शोधतात. करड्या झालेल्या तबकडीतून एकाएकी स्वच्छ षड्ज ऐकू येतो, तो अशा न तुडवलेल्या मायक्रॉनांतून.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने सोडली तेव्हा त्यांत सोनेरी मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी ठेवली. तीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. तबकडी मिनिटाला १६⅔ वेढ्यांनी फिरवायची आहे, आणि ती कशी वाजवावी याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. त्या वेष्टनात तबकडीच्या सोबतीला एक कार्ट्रिज आणि सुईही ठेवलेली आहे.